दीड दिवसाचा कब्जा

सुभेदार संपतराव जगदाळ्यांच्या बायकोने, म्हणजे प्रभावतीने, उभ्या संसारात भिंतीत एक खिळा मारला नव्हता. हात मोडले होते म्हणून नव्हे. फौजेचं क्वार्टर सोडताना एक माणूस येतो, भिंतींवरून हात फिरवतो, भोक सापडलं की शत्रूचं भुयार सापडल्यासारखं तोंड करतो, आणि त्याचा दंड नवऱ्याच्या पगारातून जातो. म्हणून झाशी झालं, पठाणकोट झालं, जामनगर झालं, दिल्ली कॅन्टोन्मेंट आलं, तरी सासूसासऱ्यांची तसबीर ट्रंकेवर टेकलेली ती टेकलेलीच. ट्रंक उघडायची झाली की आधी दोघांना उचलून पलंगावर बसवायचं. देशाची हद्द राखणाऱ्याला देशाच्या भिंतीत खिळा ठोकता येत नाही, आणि ह्याला शिस्त म्हणायचं!

डिसेंबरात संपतराव रिटायर होणार होते. क्वार्टर जाणार. गावाकडे दिरांनी घर वाटून मध्ये भिंती घातल्या होत्या, आणि त्यातली एकही भिंत हिच्या वाट्याला आली नव्हती. तेव्हा प्रभावतीला आता एकच गोष्ट हवी होती: एक भिंत. स्वतःची. धाडकन खिळा मारला तर कोणाच्या बापाला विचारायला नको. खिळा तर तिने घेऊनही ठेवला होता, सरोजिनी नगरच्या बाजारातून, चांगला वीतभर लांब. दुकानदार म्हणाला होता, "बहनजी, रेल की पटरी ठोकनी है क्या?" तो खिळा तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी राहायचा.

ते दिवसच तसे होते. बाजार मोकळा झाला होता आणि माणसं मोकाट. गाझियाबादच्या पुढे जिथे काल ऊस उभा होता तिथे आज कुठलं तरी 'गार्डन' आणि कुठला तरी 'पार्क' उभा राहत होता; म्हणजे उभी राहत होती फक्त पाटी. पेपर उघडला की पानभर जाहिरात, आणि जाहिरातीत गोरी बाई, गोरं पोर आणि हिरवळ. दिल्लीतल्या मराठी लोकांनी ह्या हिरवळीवर उडी घ्यायचं ठरवलं. 'सह्याद्री गृहनिर्माण' नावाची सोसायटी काढली आणि 'नवस्वर्ग टाउनशिप' नावाच्या बिल्डरकडे आपापली पुंजी भरली. जागा होती भूरगढी नावाच्या खेड्यात, रेल्वे स्टेशनाला अगदी लागून. 'घराच्या बाल्कनीतून थेट प्लॅटफॉर्मवर!' असं छापलंच होतं.

रविवारी आर. के. पुरमला दत्तात्रय पाध्यांच्या क्वार्टरमध्ये मीटिंग भरली. पाध्ये मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांना विषयाला क्रमांक दिल्याशिवाय चहासुद्धा घशाखाली उतरायचा नाही. गालिच्यावर नकाशा पसरला होता, चार कोपऱ्यांना चार स्टीलचे पेले. नकाशात निळं सरोवर होतं, क्लब होता, पोहायचा तलाव होता, आणि मधोमध 'सह्याद्री'ची चार पिवळी चौकोनं.

"विषय क्रमांक एक," पाध्ये म्हणाले, "इमारतींची नावं. कृष्णा, कोयना, वेण्णा, गोदावरी असा प्रस्ताव आहे."

"नद्या कशाला?" हवालदार गुलाबराव कॅन्टोन्मेंटवाल्यांच्या बाजूने गरजले. "बिल्डिंगीला नदीचं नाव दिलं की छत गळतं. किल्ले द्या, किल्ले!"

"किल्ल्यांची काय अवस्था आहे ते बघितलंय का, यार?" कोणीतरी पाठीमागून बोललं.

ह्यावर पाऊण तास गेला. जागा हाताशी नाही, वीट रचलेली नाही, आणि लोक गच्चीवर पापड कोणी कुठे वाळत घालायचे ह्यावरून एकमेकांच्या अंगावर जाऊ लागले. अशी मजा आयुष्यात कोणी केली नव्हती. जन्मभर सरकारने दिलेल्या नंबरात राहिलेली माणसं. आज स्वतः भिंती वाटत होती. डोकी चढायचीच.

मग पाध्यांच्या बायकोने, अरुणाताईंनी, गोड आवाजात विषय काढला. "मी काय म्हणते, एक बिल्डिंग फक्त शाकाहारी ठेवू या का? म्हणजे कोणालाच अवघडल्यासारखं नको."

शाकाहारी म्हणजे कोण आणि अवघडणार कोण, हे सगळ्यांना कळत होतं. दिल्लीत येऊन पिढी उलटली तरी पंगतीच्या ह्या रेघा ट्रंकेत घालून बरोबर आणलेल्या असतात.

"चालेल की," प्रभावती म्हणाली. "फक्त पाध्ये भावजींना आमच्या बिल्डिंगीत घ्या. मागच्या दसऱ्याला आमच्याकडे तांबडा रस्सा तिसऱ्यांदा मागून घेतला त्यांनी."

पाध्यांना ठसका लागला. गुलाबराव गालिच्यावर आडवे झाले. अरुणाताईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की विषय क्रमांक दोन तिथेच गारद झाला.

"माझा एकच प्रश्न आहे," प्रभावती पुढे म्हणाली. "भिंतीत खिळा मारता येईल ना?"

"वहिनी, भिंती परदेशी टेक्नॉलॉजीच्या आहेत," पाध्ये म्हणाले.

"असू दे परदेशी. खिळा देशी आहे माझा."

सगळे हसले. ती हसली नाही.

तेवढ्यात गुलाबरावांनी उठून बसत विचारलं, "पण ही जागा बघितलीय का कोणी?"

कोणीच बघितली नव्हती. बिल्डरने थंड पेय पाजून नकाशा दाखवला होता, आणि नकाशा इतका सुंदर होता की जागा बघायला जाणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. आता लाज वाटून सगळे पेल्यांकडे बघू लागले. मार्ग काढला पाध्यांनीच. भाद्रपद जवळ आला होता. "यंदाचा गणपती आपण आपल्या जागेवरच बसवू या! दीड दिवसाचा. जागा बघणंही होईल आणि शुभारंभही. पूजेला सुभेदारसाहेब आणि वहिनी. सगळ्यात आधी त्यांनाच घर लागणार आहे."

टाळ्या पडल्या. बिल्डरला विचारावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. स्वतःच्या जागेत स्वतःचा देव. विचारायचं काय त्यात?

चतुर्थीला सकाळच्या पॅसेंजरने अख्खी सोसायटी निघाली. संपतरावांनी युनिटमधून ताडपत्री आणली होती, गुलाबरावांनी ढोल, अरुणाताईंनी डबाभर मोदक. मूर्ती प्रभावतीच्या मांडीवर, लाल रुमालाखाली. डब्यात दूधवाले, भाजीवाले, बिडीचा धूर. तिकीट तपासनीस आला, रुमालाकडे बोट करून म्हणाला, "इसका टिकट?"

"पाच साल से छोटा है," प्रभावती म्हणाली.

"दाँत तो निकल आया है, बहनजी."

"एक ही निकला है."

तपासनीसाने टोपी काढून हात जोडले आणि जाताना एक मोदक नेला.

भूरगढी आलं. एक प्लॅटफॉर्म, एक हातपंप, एक कडुनिंब, आणि त्याखाली झोपलेला एक माणूस. तो स्टेशन मास्तर असावा, कारण उठवल्यावर तोच सगळ्यात जास्त चिडला. लोकांनी नकाशा उलगडला आणि समोर बघितलं. नकाशात सरोवर होतं. समोरही होतं, गावाचं तळं, त्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या म्हशी. क्लबाच्या जागी उकिरडा. आणि 'सह्याद्री'च्या चार पिवळ्या चौकोनांच्या जागी मोकळं रान, त्यात शेणाच्या गोवऱ्यांचे बुरुजासारखे ढीग. काठीवर नवस्वर्गचा फाटका झेंडा तेवढा फडफडत होता.

कोणीतरी रडलं असतं, पण देव मांडीवर घेऊन रडता येत नाही. "चलो, चलो," संपतराव कवायतीच्या आवाजात म्हणाले, "जागा तर आहे ना? पाणी आहे, हवा आहे. ताडपत्री ताणा!" आणि खरंच, ताडपत्री ताणली, गुलाबरावांनी ढोलावर पहिली थाप मारली, आणि सगळ्यांना वेड लागलं. गोवऱ्यांच्या ढिगांमधून माणसं आपापले फ्लॅट आखायला लागली. "इथे माझं किचन!" "अहो, तुम्ही माझ्या बाथरूममध्ये उभे आहात!" पाध्ये गोवऱ्यांच्या ढिगावर चढून गोदावरीच्या तिसऱ्या मजल्यावरून दिसणाऱ्या दृश्याचं वर्णन करत होते. प्रभावतीने हवेत हात फिरवून एक भिंत ठरवली. पूर्वेकडची. तसबिरीवर सकाळचं ऊन येईल अशी.

पाध्यांनी संकल्प सांगितला, प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली. आरतीच्या आवाजाने गाव गोळा झालं.

पुढे होता गावचा प्रधान, म्हणजे तिकडचा सरपंच, रिसालसिंग. बरोबर लाठ्या घेतलेले चौघे. तो तावातावाने आला, ताडपत्रीखाली बसलेला देव बघितला, आणि जागच्या जागी थांबला. चौघांना लाठ्या खाली करायला लावल्या, स्वतः जोडे काढले, नमस्कार केला आणि संपतरावांकडे अशा आदराने बघितलं जसा एक पैलवान दुसऱ्याकडे बघतो.

"फौजी हो?"

"जी. सुभेदार."

"तभी. क्या दिमाग लगाया है, सूबेदार साहब! मैं दो साल से सोचता रहा, तुमने एक सुबह में कर दिया."

संपतरावांना वाटलं, तो मांडवाच्या ताडपत्रीबद्दल बोलतोय. "सबने मिलकर किया," ते नम्रपणे म्हणाले.

कळलं ते प्रभावतीला, आणि तेही तळ्याकाठी हातपाय धुताना. तिथे प्रधानाची म्हातारी आई गोवऱ्यांची टोपली घेऊन उभी होती. गाव तिला अम्मा म्हणायचं. तिने सांगितलं ते असं. ही जमीन बिल्डर म्हणतो माझी, गाव म्हणतं आमची. कोर्टात कागद कुजतायत. ह्या भागात कागदाला कोणी विचारत नाही. रातोरात देव बसवायचा, सकाळी झेंडा, दुपारी चार विटा, की झाली जमीन तुमची. देवाला उठवायची छाती ना पोलिसाची, ना बिल्डरची.

"बढ़िया करा तुमने," अम्मा म्हणाली, आणि मग रागाने नव्हे, साधंच विचारलं, "बस इतना बता दे बेटी, अब मैं उपले कहाँ थापूँ? ब्याह के आई तब से यहीं थापती हूँ."

प्रभावतीने हात पुसायला रुमाल काढायचा म्हणून पर्स उघडली. पर्समधल्या खिळ्याचं टोक उगाच तिच्या बोटाला लागलं.

ती परतली तेव्हा मांडवापुढे लांबलचक गाडी उभी होती. नवस्वर्गचा सब्बरवाल घामाने निथळत उतरला होता. एरवी सोसायटीला दोन-दोन तास बाकावर बसवणारा हा माणूस आज सगळ्यांच्या पाया पडायचा तेवढा बाकी होता.

"पाध्ये साहब, ये क्या कर दिया आपने? कॉर्नर के फ्लैट दूँगा, मार्बल दूँगा, हॉल फ्री! बस भगवान जी को शाम तक उठवा दीजिए."

पाध्ये संतापले. "गणपती को उठाने को बोलते हो? शर्म नहीं आती? कल शाम को जाएँगे, उससे पहले नहीं!"

"कल शाम! सब यही बोलते हैं जी. मेरठ रोड पे हनुमान जी भी एक रात के लिए आए थे. आज वहाँ सोलह दुकानें हैं!"

बातमी मांडवात फिरली. हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. आणि काय सांगावं, वर्षानुवर्षं बसच्या रांगेत आणि साहेबांच्या दारात उभी राहिलेली ही माणसं एकदम राजे झाली! बिल्डर खुर्च्या पाठवतोय. प्रधान दूध पाठवतोय. प्रधानाने संध्याकाळी संपतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, विटा माझ्या, सिमेंट माझं, पक्कं देऊळ बांधू, समोरची दुकानं अर्धी तुमची अर्धी माझी. बिल्डरने ऐकून मार्बलवर गीझर चढवला. रात्री पुरुष तिथेच झोपले, बायका अम्माच्या अंगणात. झोपले म्हणजे काय, किल्ले की नद्या ह्यावर पुन्हा जुंपली, आणि ह्या वेळी पाध्ये किल्ल्यांच्या बाजूने होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजेची वेळ झाली आणि कोणी उठेना.

"अजून थोडं थांबू या," गुलाबराव म्हणाले.

"तसा शास्त्रात पाच दिवसांचाही पर्याय आहे," पाध्ये म्हणाले. "किंवा... म्हणजे... कायमस्वरूपीही."

"मातीचा आहे तो, भावजी," प्रभावती म्हणाली. "दीड दिवसाचा म्हणून संकल्प सोडला मी. तुम्हीच सोडवून घेतलात."

"अगं, तुझ्याचसाठी चाललंय हे," संपतराव हलक्या आवाजात म्हणाले. "डिसेंबरात कुठे जायचं आपण? हा इथून हलला की बिल्डर ओळख देणार नाही. भिंत हवी ना तुला?"

हवी होती. तिला किती हवी होती ते तिला आणि ट्रंकेवरच्या दोघांनाच माहीत. आता नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसली असती तर भिंत आली असती, पूर्वेची, ऊन येणारी. कोणी काही म्हटलंही नसतं. सगळं दिल्ली शहर असंच वाढलंय. पण तिला गोवऱ्यांचे ढीग दिसत होते. कोणीतरी ते काल ढकलून कडेला केले होते, आणि अम्मा उन्हात वाकून फुटलेल्या गोवऱ्या गोळा करत होती.

"पाहुणा आहे तो माझा," प्रभावती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "त्याला वॉचमन करू? दोन वेळ नैवेद्य दाखवायचा आणि म्हणायचं, बस इथे, माझ्या फ्लॅटची राखण कर? आणि त्या म्हातारीला हुसकव? जन्मभर दुसऱ्याच्या भिंतीला हात लावला नाही मी, आणि आता देवाच्या आडून लावू? मला नाही पाहिजे असली भिंत. त्यात मारलेला खिळा रोज माझ्याच डोळ्यात जाईल."

मग अरुणाताई उठल्या. पदर खोचला. "बरोबर बोलतायत त्या. अहो, उठा! अक्षता घ्या हातात. शास्त्र सांगतायत!"

पाध्ये उठले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं काहीतरी आलं. अक्षता वाहिल्या, प्रभावतीने मूर्ती जागेवरून किंचित हलवली, आणि उचलली.

प्रधानाच्या हातातला हुक्का खाली आला. "ये क्या कर रहे हैं?"

"वापस ले जा रहे हैं," गुलाबराव म्हणाले, आणि ढोल गळ्यात अडकवला.

"वापस? बैठा-बिठाया देवता?"

मग जे झालं ते भूरगढीने कधी बघितलं नव्हतं. फौजी नाचत होते, कारकून नाचत होते, आणि सगळ्यात पुढे अरुणाताई, केसांचा अंबाडा सुटलेला. अरुणाताईंना इतकी वर्षं कोणी नाचायला बोलावलंच नव्हतं, एवढाच त्यांचा दोष होता. गावची पोरंटोरं मिसळली, मग बायका घुंघट दातात धरून मिसळल्या. स्टेशनात गाडी लागली होती. लोक टपावरून उतरून आले आणि गाडी त्यांच्यासाठी थांबली. हातात झेंडी घेऊन स्टेशन मास्तरही नाचून गेला. म्हशी तळ्यातून बाहेर काढल्या. प्रभावती कमरेपर्यंत पाण्यात शिरली, मूर्ती तीनदा बुडवून वर काढली आणि सोडली. सगळ्यांनी गळा फाटेस्तोवर ओरडून त्याला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगितलं.

"क्या बोल रहे हैं?" सब्बरवालने घाबरून विचारलं.

"बोल रहे हैं, अगले साल जल्दी आना," कोणीतरी सांगितलं.

"अगले साल फिर!" तो गाडीच्या बॉनेटवरच बसला. पण तळं शांत झालं, मांडव रिकामा दिसला, तसा त्याचा रंग परत आला. त्याने घाम पुसला, चष्मा चढवला. कॉर्नर गेला, मार्बल गेला, गीझर गेला. "ऑफिस में आइए, देखते हैं," एवढं बोलून तो धूळ उडवत निघून गेला. संपतराव गाडीच्या दिशेने बघत राहिले. ओल्या साडीने प्रभावती शेजारी येऊन उभी राहिली. तिला थंडी वाजत होती आणि हसू येत होतं, दोन्ही एकदम.

रिसालसिंग मात्र जागेवरून हलला नव्हता. डोकं खाजवत होता. शेवटी तो आईशी काहीतरी बोलला, आणि दोघं इकडे आले.

"सूबेदार साहब, स्टेशन के उस तरफ़ हमारी अपनी ज़मीन है. झगड़े की नहीं. बिल्डर तीन बार आया, मैंने नहीं दी. जो एक बीघा लेगा, दो दबाएगा." त्याने आईकडे बघितलं. "अम्मा कहती है, इनको दे दे. जिन्होंने हाथ में आई ज़मीन पानी में बहा दी, वो हमारी क्या दबाएँगे?"

गैरसमज नको. रिसालसिंग काही संत नव्हता. त्याला भले शेजारी नको होते, येडे शेजारी हवे होते, आणि एवढी येडी माणसं पुन्हा मिळणार नाहीत हे त्याने ओळखलं होतं. सौदा म्हणजे सौदा. भाव त्याने सोडला नाही. बिल्डरकडून पैसे सोडवायला सोसायटीला चपला झिजवाव्या लागणार होत्या, आणि काही जण आजही त्या हिरवळीची वाट बघत बसलेत.

पण त्या संध्याकाळी हे कोणाला दिसत होतं? सगळी वरात रूळ ओलांडून पलीकडे गेली. ज्वारीचं कापलेलं रान. सरोवर नाही, क्लब नाही. पाध्यांनी बिल्डरचा गुळगुळीत नकाशा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर चार चौकोन काढले. लगेच आवाज चढले. "कृष्णा!" "प्रतापगड!" "पापड कुठे?"

"पहिला कोपरा कुठून धरायचा?" पाध्ये विचारत होते. "खुंटी आहे का कोणाकडे?"

प्रभावतीने पर्स उघडली. कंगवा बाजूला सारला. अम्माने पायाजवळची वीट उचलून तिच्या हातात दिली. ओल्या साडीचा काष्टा मारून ती मातीत गुडघ्यावर बसली आणि वीतभर खिळ्यावर धाडकन घाव घातला. मग दुसरा. मग तिसरा.

खिळा डोक्यापर्यंत आत गेला तेव्हा ती उठली, हात झटकले आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, खिळा मारून झालाय. आता भिंत तेवढी आणा."